पुण्यात नवा फुटबॉल क्लब चालेल का? चालेल, पण वरून आणून बसवला तर नाही

पुण्याची लोकसंख्या, आयटीचा पैसा, शनिवारी रात्री प्रीमियर लीग बघायला होणारी गर्दी हे सगळं असताना इथे एक नवा व्यावसायिक फुटबॉल संघ का चालू नये, असं तुम्ही विचारलंय. पैसे घालायला तयार असलेल्या काही मंडळींना सल्ला द्यायचाय, असंही लिहिलंय. माझं उत्तर 'चालेल' असंच आहे. पण तुम्ही दिलेली कारणं मला पुरेशी वाटत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मागचं पाहू. 2007 ते 2019 या काळात या एका शहरातून चार क्लब देशपातळीवर खेळले आणि चारही गेले. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी 2007 मध्ये आला, दुसऱ्या डिव्हिजनमधून वर चढला आणि आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगच्या पहिल्याच मोसमात, 2009-10 मध्ये, तिसरा आला. गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक असताना 2012-13 मध्ये उपविजेता झाला, 2014 मध्ये आशियाई क्लबांचा एएफसी कपही खेळला. कल्याणी समूहाचा भारत एफसी 2014-15 चा एकच मोसम टिकला. शिवाजीयन्स हा इथलाच जुना क्लब. डीएसके समूहाच्या पैशावर तो 2015-16 मध्ये थेट आय-लीगमध्ये उतरला आणि 2017 मध्ये बाहेर पडला. आणि चौथा एफसी पुणे सिटी, फ्रँचायझींच्या नव्या इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल), 2014 ते 2019.

यातला एकही क्लब तिकिटं खपत नाहीत म्हणून बंद पडलेला नाही. आयएसएल आल्यावर आय-लीगचं भवितव्य धूसर झालं, तेव्हा पुणे एफसी आणि भारत एफसी या दोघांनी गाशा गुंडाळला. उरलेल्या दोन क्लबांचे मालकच आर्थिक अडचणीत आले. गर्दी फार होती असं माझं म्हणणं नाही, पुष्कळ सामन्यांना ती बेताचीच असायची. पण स्टेडियम खच्चून भरलं असतं तरी हे क्लब वाचले नसते. साधा हिशेब करा: दर सामन्याला पाच हजार माणसं, सरासरी 200 रुपये तिकीट, म्हणजे दहा लाख. मोसमात घरचे बारा सामने धरले तर एक कोटी वीस लाख. आयएसएलमध्ये काही मोसम खेळाडूंच्या पगाराची कमाल मर्यादाच साडेसोळा कोटी होती. त्यावर फ्रँचायझी फी, प्रवास, मैदान, प्रशिक्षक. हा खड्डा दरवर्षी मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचा, आणि त्याच्या मुख्य धंद्याला सर्दी झाली की क्लबला न्यूमोनिया व्हायचा.

एफसी पुणे सिटीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती जखम अजून ओली आहे. पहिल्या मोसमात फ्रान्सच्या त्रेझेगेसारखा वर्ल्डकप जिंकलेला खेळाडू आणला. पाच मोसमांत प्रशिक्षक मात्र दरवर्षी नवा: कोलोंबा, प्लॅट, हबास, पोपोविच, मग मिगेल पोर्तुगाल आणि त्याच मोसमात फिल ब्राउन. 2017-18 मध्ये मार्सेलिन्हो आणि अल्फारो या जोडीने खरा रंग भरला, संघ उपांत्य फेरीत गेला. घरच्या मैदानावर, बालेवाडीत, बंगळुरूशी 0-0, परतीच्या सामन्यात त्यांच्या सुनील छेत्रीची हॅटट्रिक आणि 3-1 ने हार. त्या वर्षी ऑरेंज आर्मी या चाहत्यांच्या गटाचे ढोल पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत थांबत नसत. संघाशी आपलं काहीतरी नातं जुळतंय, असं वाटायला नुकती सुरुवात झाली होती. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2019 मध्ये, संघाची आयएसएलमधली जागा हैदराबादला गेली. तिथे 2021-22 ची आयएसएल जिंकून झाली, आणि 2025 मध्ये तो संघही तिथून उठून दिल्लीला गेला. कागदावर हे कायदेशीर असेल. पण आपला संघ एका पत्रकाने दुसऱ्या शहरात जाऊ शकतो हे ज्याने एकदा पाहिलं, तो पुढच्या संघाची जर्सी विकत घेण्याआधी दहा वेळा विचार करणार. तुमच्या मंडळींना पहिल्या दिवशीच तोंड द्यावं लागेल ते या अविश्वासाला.

आता मैदान. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलं. संकुल चांगलं आहे, पण फुटबॉलच्या प्रेक्षकासाठी ते दोन बाबतींत गैरसोयीचं आहे. गवत आणि खुर्ची यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक येतो. पलीकडच्या कॉर्नरवर कुणी कुणाला पाडलं हे कळायच्या आत फ्री किक घेऊन झालेली असते. आणि दुसरं म्हणजे ते शहराच्या पार एका टोकाला. आठवड्यातल्या मधल्या वारी रात्रीचा सामना असला की हडपसरच्या किंवा कात्रजच्या माणसाने साडेपाचला ऑफिस सोडायचं, हिंजवडीहून उलट्या दिशेने येणारा लोंढा अंगावर घेत हायवे गाठायचा, सर्व्हिस रोडवर गाडी लावायला जागा शोधायची आणि आत शिरेपर्यंत वीस मिनिटांचा खेळ संपलेला. परत जाताना रात्री बसचा भरवसा नाही. बरोबर दहा वर्षांचं पोर असेल, तर पुढच्या सामन्याला घरातूनच नकार येतो. 2011 च्या जनगणनेत पुणे 31 लाख आणि पिंपरी-चिंचवड 17 लाख होतं, आता त्याहून बरंच वाढलंय. पण लोकसंख्या खुर्चीवर येऊन बसत नाही. संध्याकाळी तासाभरात पोचू शकणारी माणसं किती, हाच आकडा मोजायचा.

बंगळुरूचं उदाहरण यासाठीच घ्या. जेएसडब्ल्यू उद्योगसमूहाने 2013 मध्ये बंगळुरू एफसी काढला, तो पहिल्याच मोसमात आय-लीग जिंकला. जिंकण्याचा फायदा झालाच. पण पहिला मोसम ते अशोकनगरच्या छोट्या फुटबॉल स्टेडियमवर खेळले, एमजी रोडच्या जवळ, शहराच्या पोटात. तिथल्या वेस्ट ब्लॉकमध्ये उभं राहून ओरडणाऱ्या पोरांनी स्वतःला वेस्ट ब्लॉक ब्लूज म्हणवून घेतलं, आणि क्लब पुढे मोठ्या कांतीरवा स्टेडियमवर गेला तरी ते नाव सोबत गेलं. आठ हजारांच्या मैदानात पाच हजार माणसं असली की वातावरण तापतं. बालेवाडीत तेच पाच हजार अर्धं स्टेडियमही भरत नाहीत.

प्रेक्षकांबद्दल एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. बालेवाडीत आयएसएलमधले केरळ ब्लास्टर्स आले की त्यांच्या जर्सींनी स्टेडियमचा मोठा भाग पिवळा दिसायचा. पुण्यात मल्याळी, बंगाली, गोवेकर, ईशान्येकडचे विद्यार्थी आणि नोकरदार खूप आहेत, फुटबॉल त्यांच्या रक्तात आहे, पण संघ ते गावाकडून घेऊन आलेत. इथली पोरं मँचेस्टर आणि आर्सेनलवर जीव टाकतात. नव्या क्लबला हे दोन्ही गट पहिल्या दिवशी मिळणार नाहीत. मिळतील ते ज्यांचं पोर, भाचा किंवा शाळेतला मित्र त्या क्लबच्या अंडर-13 मध्ये खेळतो ते. कॅम्प, खडकी, देहूरोड, पिंपरी या पट्ट्यात जिल्हा लीग खेळणाऱ्या मंडळांची माणसं आहेत, त्यांना कुठल्याच मालकाने मनापासून घरात घेतलं नाही.

कोल्हापूरला जाऊन एकदा शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ हा सामना बघाच. दुपारपासून पायऱ्यांवर जागा धरलेली, एकाच पेठेतली घरं दोन संघांत वाटली गेलेली, आजोबा आणि नातू एकाच पंचाला शिव्या घालतायत. कधीकधी हाणामाऱ्या होतात, ते वाईटच आहे आणि त्याने खेळाचं नुकसान होतं. पण तिथे कुणी 'प्रेक्षक आणायचे कसे' हा प्रश्न विचारत नाही. तालीम आधीपासून पेठेची असते, तिचा संघ आपोआप लोकांचा होतो. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडाप्रबोधिनीत आणि पुणे एफसीच्या अकॅडमीत वाढला आणि 2017 चा अंडर-17 वर्ल्डकप खेळला. म्हणजे खेळाडू घडवण्याची सोय पुण्यात होती आणि ती चालतही होती. सीनियर संघ मोडला तेव्हा आपण काय गमावलं, ते इथे दिसतं.

म्हणून त्या मंडळींना माझा सल्ला स्पष्ट आहे: आयएसएलची जागा विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका. 2025 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी एफएसडीएल यांच्यातला करार संपत आला तेव्हा अख्खा मोसम अधांतरी लटकला होता. अशा लीगमध्ये वरून उडी मारण्यात शहाणपण नाही. खालून यायची वाट आता उघडी आहे. राज्य पातळीवरून आय-लीग 3, मग आय-लीग 2, मग आय-लीग (आता इंडियन फुटबॉल लीग), आणि तिथला विजेता आयएसएलमध्ये. पंजाब 2023 मध्ये आणि मोहामेडन 2024 मध्ये याच वाटेने वर गेले. वेळ लागेल, पण तेवढ्या वेळात अकॅडमीतून पहिली बॅच बाहेर पडते आणि पेठांमध्ये क्लबचं नाव रुळतं.

स्वारगेट किंवा शिवाजीनगरच्या मेट्रोपासून चालत जाता येईल असं पाच-सहा हजारांचं, ट्रॅक नसलेलं मैदान मिळवता आलं, तर निम्मी लढाई तिथेच जिंकली. मुंबईचं कूपरेज एवढंच आहे आणि फुटबॉलला पुरतं. एखाद्या शैक्षणिक संस्थेशी किंवा महापालिकेशी किमान दहा वर्षांचा लेखी करार करा, दर मोसमाला हात पसरायची वेळ येऊ देऊ नका. जिल्हा लीगमधलं एखादं चालतं मंडळ सोबत घ्या, त्याचं नाव पुसू नका. आणि क्लबचं नाव, बोधचिन्ह आणि शहर बदलायचं असेल तर सभासदांची संमती लागेल, हे कलम क्लबच्या घटनेत घाला. पैसे घालणाऱ्यांपुढे सगळ्यात आधी हेच कलम ठेवा. त्यावर सही करायला जो तयार नसेल, त्याच्याशी मैदान, खेळाडू, प्रशिक्षक यांच्याबद्दल पुढचं बोलणंच करू नका.