इंग्रजीतल्या ‘डूलॅली’ शब्दाचा अर्थ काय आणि तो आला कुठून?

अर्थ सोपा आहे : सटकलेला, डोक्यावर परिणाम झालेला. आणि आला आमच्या गावातून. नाशिकजवळचं देवळाली. गोऱ्यांच्या जिभेवर त्याचं डूलॅली झालं.

ताईच्या साखरपुड्यात नवरदेवाच्या काकांनी हाच शब्द काढला होता, म्हणून लिहितोय. काका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. भरल्या बैठकीत म्हणाले, “सून वेड्यांच्या गावची करतोय बरं का! इंग्रजांनी तिथं वेड्यांचं इस्पितळ काढलं होतं, म्हणून तर डूलॅली.” सगळे हसले. बाबा पेढ्यांचं तबक धरून तसेच उभे. मुंबईची माणसं जिथं हवापालटाला येतात, ते गाव एका वाक्यात येरवड्याच्या पंगतीला बसलं. मी तेव्हा बारावीला, मुलीकडचा. उलट बोलायची सोय नव्हती.

नंतर शोधलं. देवळालीत ब्रिटिश फौजेची छावणी होती. हिंदुस्थानातली मुदत संपलेले शिपाई तिथं येऊन मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. जहाजं साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढीच. शेवटचं चुकलं की पुढचे सहा-सात महिने धड काम नाही. ऊन, दारू आणि मलेरिया. चांगली चांगली माणसं भलतंसलतं वागायला लागायची. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या तिथल्याच एका जुन्या शिपायाने १९३६ मध्ये छापलेल्या आठवणींत हे सांगितलंय. म्हणजे वेड गावाचं नव्हे, ताटकळण्याचं. रात्री शेवटची एस्टी चुकलेल्याला वेगळं सांगायला नको.

मूळ शब्दप्रयोग ‘डूलॅली टॅप’. काकांच्या मते टॅप म्हणजे डोक्यात बसलेली टपली. साफ चूक! शिपायांनी उचललेला तो हिंदुस्तानी ‘तप’, म्हणजे आपला साधा ताप. देवळालीचा ताप. पुढे बोलण्यातून ताप उतरला, गावाचं नाव तेवढं चिकटून राहिलं.

आजारी शिपाईही याच छावणीतून घरी पाठवत, त्यात डोक्याने खचलेलेही असणार, एवढं काकांच्या बाजूने. आणि हो, शब्द थट्टेतला आहे. खरोखर मानसिक आजार असलेल्या माणसाला लावू नका.

गेल्या दिवाळीत हे सगळं काकांना ऐकवलं. फराळ संपवून म्हणाले, “टपलीच.” तुम्ही शब्दकोश घेणार असाल तर व्युत्पत्ती देणारा जाडजूड घ्या, त्यात ताप सापडेल. काकांकडे खिशातला आहे.