शाळा बंद असताना मुलाचा त्रागा: आधी काय करायचं

ताई, मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत मुलांची शाळा, मैदान आणि मित्र एकदमच तुटले होते. शाळा अशी बंद असताना सहा-सात वर्षांच्या मुलाने ऑनलाइन तासात वही भिरकावली, तर त्याला हट्टी ठरवू नका.

आदळआपट सुरू असताना समजावू नका, त्या वेळी डोक्यात काही शिरत नाही. त्याच्या उंचीला खाली बसा आणि हळू आवाजात एकच वाक्य बोला: "खेळायला जाता येत नाही, म्हणून राग आलाय ना?" मग गप्प राहा. मारू लागला तर हात धरा, "मारायचं नाही" एवढंच म्हणा. बोलणं नंतर, तो पाणी पिऊन निवला की.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: शांत करायला मोबाइल हातात दिला जातो. दोन-चार वेळा असं झालं की ओरडलं की मोबाइल मिळतो, हे मूल पक्कं शिकतं. मोबाइलची वेळ आधीच ठरवा, रडण्याशी जोडू नका.

तासाआधी पंधरा-वीस मिनिटं घरातच दोरीउड्या किंवा लंगडी होऊ द्या. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा. उठणं, जेवण, झोप यांच्या वेळा पाळा, बाकी वेळापत्रक सैल चालेल. "पुढच्या महिन्यात शाळा उघडेल" असं वचन मात्र देऊ नका. तारीख हुकली की विश्वास जातो. "नक्की माहीत नाही, कळलं की लगेच सांगेन" हे खरं उत्तर मुलांना पेलतं.

झोप किंवा भूक दोन आठवडे बिघडलेली राहिली, किंवा सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं तर त्याच दिवशी.