मुंबई ते रत्नागिरी, मे महिन्यात किनाऱ्याने

घरच्यांसोबत पहिल्यांदाच जाताय, तर एका दिवसात पोचायचा हट्ट सोडा. दोन मुक्काम धरा: श्रीवर्धन आणि गुहागर. वाटेत चार खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. इथेच हिशेब चुकतो. मॅप रस्त्याची वेळ सांगतो, पण मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी धक्क्यावरची रांग त्यात धरलेली नसते. प्रत्येक खाडीला तासभर जादा ठेवा आणि शेवटची फेरी किती वाजता सुटते ते आदल्या दिवशीच फोनवर विचारून घ्या. ती चुकली तर आतल्या रस्त्यांनी मोठा वळसा पडतो.

बोटीवर गाडी चढवताना ड्रायव्हर सोडून सगळे उतरा. ओहोटीला उतार जास्त असतो, भरलेल्या गाडीचा पुढचा बंपर फळीला घासतो. पहिल्या गिअरमध्ये, अगदी हळू चढवा. आत गेल्यावर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्येच ठेवा.

मुलांना वळणांवर उलट्या होतात, म्हणून सकाळी तेलकट नको, मऊभात बरा. जेवण आदल्या रात्रीच सांगून ठेवा. घरगुती खानावळीत आयत्या वेळी ताट मिळेलच असं नाही. समुद्रात मात्र ओहोटी लागल्यावर कुणालाही, पोहणाऱ्यालाही, उतरू देऊ नका.