शेजारच्या फार्महाऊसवरचे बंदुकीचे बार: तक्रार आवाजाची नको, बंदुकीची करा

ताई, तुमचं सगळं वाचलं. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात शेतातच घर, शेजारी शहरातल्या माणसानं फार्महाऊस बांधलंय, दर शनिवार-रविवारी मित्र येतात आणि दुपारभर बंदुकीनं बाटल्या-डब्यांवर नेम धरत बसतात, म्हशी बुजून दूध चोरूलालेत, सासरे झोपेतनं दचकून उठतात, पंचायत म्हणते पोलिसात जावा आणि पोलीस म्हणतात त्यांच्याकडे लायसन्स हाय. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी हेच झालं होतं म्हणून जरा लांबलचक लिहितो, शेवटपर्यंत वाचा.

माझी पहिली चूक तुम्ही करू नका. मी मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप घेऊन बांधावर बसलो. ध्वनी प्रदूषण नियम 2000 प्रमाणे रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा हाय, खरं ती ठराविक वेळाच्या सरासरीवर मोजतात. बंदुकीचा बार म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत संपलेला आवाज. तोंडाजवळ तो 140 च्या वर जातो, तरी दोन बारांच्या मधे शेत गप्प असतंय, त्यामुळे सरासरी काढली की सगळं कागदावर ठीकच दिसतं. मोबाईलचा माईक तर एवढा मोठा आवाज पकडूच शकत नाही, वरचा भाग कापून टाकतो. मी दोन महिने ह्यात घालवले आणि हाती काही लागलं नाही. (शाळा, दवाखाना किंवा कोर्ट 100 मीटरच्या आत असेल आणि तो भाग सरकारनं शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला असेल तर मात्र तो मुद्दा जरूर लिहा, तो चालतो.)

म्हणून सांगतो, विषय बंदुकीचा करा. आधी ती कसली बंदूक हाय ते बघा. एअरगन 4.5 मिमीच्या आतली आणि 20 जूलपेक्षा कमी ताकदीची असेल तर तिला लायसन्सच लागत नाही, तिथं मग वेगळं बोलावं लागतं. खरं म्हशी बुजण्याइतका बार होत असेल तर ती काडतुसाचीच असणार. इलेक्शन लागलं की गावातल्या लायसन्सच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात हे तुम्हाला माहीतच हाय, म्हणजे कुणाकडे कुठली बंदूक हाय ते ठाण्यातल्या रजिस्टरला लिहिलेलं असतंय. "लायसन्स हाय" एवढ्या उत्तरावर परत येऊ नका. लायसन्स कशासाठी दिलंय, वर्षाला किती काडतुसं घेता येतात, हे त्यावर लिहिलेलं असतं, आणि ते त्या एका माणसाच्या नावावर असतं, त्याच्या पाच मित्रांच्या नाही. शूटिंग रेंज चालवायची तर त्याची परवानगी वेगळी.

आता वही घाला. तारीख, वेळ, किती बार, कुठल्या दिशेनं, किती माणसं बंदूक हातात घेत होती, एवढंच रोजच्या रोज लिहा, शिव्या नकोत. आमच्या वहीत सहा रविवारचे मिळून साडेतीनशेच्या वर बार निघाले आणि ते बघून ठाण्यातल्या साहेबांनी स्वतःच विचारलं की एवढी काडतुसं आणली कुठनं. तोपर्यंत आमचं कुणी ऐकतच नव्हतं बघा.

दुसरा मुद्दा जिवाचा. पॉइंट टू-टू (.22) म्हणजे छोट्या रायफलची गोळी सुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. नेमाच्या मागं उंच मातीचा बांध हाय का, नुसतं काजूचं झाड हाय, ते बघा आणि तुमच्याच हद्दीतनं फोटो काढा, त्यांच्या रानात जाऊ नका. शस्त्र कायद्यात 2019 ला दुरुस्ती झाली, कलम 25 मधे नवीन पोटकलम 9 आलं, निष्काळजीपणे गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम अर्जात लिहा. बार चालू असताना 112 ला फोन करा, नंतर सांगून उपयोग नाही.

पंचायतीला असं सुटू देऊ नका. बंदूक त्यांच्या हातात नाही हे खरं, खरं ग्रामसभेत विषय घेऊन ठराव करायला त्यांना कोण अडवतंय? पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला) लेखी द्या, दहा-पंधरा घरांच्या सह्या घ्या, ठरावाची नक्कल मागा. ती नक्कल जोडून तहसीलदारांकडे जावा. तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी पण असतात आणि सरकारनं तसा खास अधिकार दिलेला असला की सार्वजनिक उपद्रव थांबवायचा हुकूम त्यांना देता येतो, पूर्वीचं सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 133, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 152. एक प्रत डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला पाठवा. पोलीस कमिशनर असलेल्या शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांनी ती कमिशनरना द्यावी.

भाषेबद्दल. घटनेच्या कलम 350 प्रमाणे अर्ज मराठीत देता येतो आणि तो द्यायचा हक्क मी सोडणार नाही, खरं ह्या कामात सोबत कन्नड प्रत जोडाच. नाहीतर बारांचा विषय बाजूला राहतो आणि टेबलावर भाषेचं भांडण सुरू होतं, आणि तेवढंच त्या फार्महाऊसवाल्याला पाहिजे असतं. पोच म्हणून इनवर्ड नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आणि एक, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे रानडुकरं आणि गवे भात-ऊस लोळवतात म्हणून काही शेतकऱ्यांकडे पिकाच्या राखणीची बंदूक असते, ते रात्री एखादा बार काढतात. अर्जात "गावात गोळीबार बंद करा" असं सरसकट लिहिलं तर पहिला फटका त्यांना बसेल आणि सह्या करणारेच उलटतील. आमच्यात दोघांनी ह्याच भीतीनं सही केली नव्हती. मग आम्ही सर्वे नंबर टाकून "ह्या जागेतला करमणुकीचा नेमबाजीचा प्रकार" असं स्पष्ट लिहिलं आणि ते दोघं दुसऱ्याच दिवशी स्वतः घरी सही करायला आले.

आमच्याकडे शेवटी तहसीलदारांच्या नोटिशीनंतर दीड महिन्यात बार थांबले. तुमच्या गावाची ग्रामसभा कधी हाय ते पीडीओंना उद्याच विचारून घ्या, आणि वही ह्या शनिवारपासनंच घाला.