डिलिव्हरीच्या ट्रकला आता किल्लीऐवजी बटण आलंय, सवय व्हायला किती दिवस लागतात?

बटण दाबायची सवय दोन-चार दिवसांत होते हो, खरा त्रास हाताला होतो. इतकी वर्षं उतरताना किल्ली काढायची सवय, ती हाताला खूण असते की गाडी बंद झाली. आता किल्लीच्या जागी आलेला रिमोट खिशात, हातात बॉक्स, घाईत उतरलात की इंजिन चालूच राहतं, कारण रिमोट लांब गेला म्हणून चालू इंजिन सहसा आपोआप बंद होत नाही, फक्त बीप वाजते आणि रस्त्याच्या गोंगाटात ती ऐकतंय कोण! म्हणून क्रम ठरवून टाका, हँडब्रेक, बटण, डॅशबोर्डचे दिवे गेले का बघायचं, मगच दार.

यूपीएस या अमेरिकन पार्सल कंपनीचे ड्रायव्हर पूर्वी किल्ली बोटात अडकवून फिरायचे, नंतर त्यांना कमरेच्या पट्ट्याला लावायचा रिमोट आला. तुम्हीही तो पट्ट्यालाच लावा, सीटवर टाकू नका. आणि सुरू होत नसेल तर आधी पाय ब्रेकवर आहे का बघा, नाहीतर नुसती लाईट लागते. रिमोटचा सेल संपला असेल तर बऱ्याच गाड्यांत रिमोट बटणाला टेकवून दाबलं की चालू होते, तरी एक जादा सेल जवळ ठेवाच. शिफ्ट संपल्यावर रिमोट खिशातच घरी जातो ते वेगळंच 😅