टेनिस एल्बोसाठी स्टेरॉईडचं इंजेक्शन घ्यावं का?

कोपर दुखतंय, डॉक्टर इंजेक्शन घ्या म्हणतात आणि घरचे स्टेरॉईड म्हटल्यावर घाबरलेत, असं तुम्ही लिहिलंय. मी दोन घेतली आहेत, एक कोपरात, एक बोटात. पहिल्याचा पस्तावा होतो, दुसऱ्याचा अजिबात नाही.

जन्मात रॅकेट धरली नाही, ओल्या चादरी पिळून पिळून माझं कोपर गेलं. चहाचा कप उचलला तरी कळ यायची. इंजेक्शन घेतलं त्या रात्री जास्तच ठणकलं (एक-दोन दिवस असं होतं, बर्फ लावायचा). चौथ्या दिवशी मात्र दुखणं गायब! लगेच पदर खोचून दिवाळीची साफसफाई काढली. तीन महिन्यांत कळ परत, आधीपेक्षा जोरात.

नंतर वाचलं तर हे नेहमीचंच. ऑस्ट्रेलियात १६५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात स्टेरॉईड घेतलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांचं दुखणं उलटलं, नुसतं सलाईन टोचलेल्यांपैकी १२ टक्के. जुन्या टेनिस एल्बोत सुजेपेक्षा स्नायूचा दोर झिजलेला असतो. स्टेरॉईड कळ दाबतं, दोर सांधत नाही. मला गुण आला तो फिजिओच्या व्यायामाने. अर्धा किलो मुगाची पिशवी धरून मनगट सावकाश खाली सोडायचं, रोज, चार महिने. कंटाळवाणं आहे, पण टिकलं.

बोटाचं वेगळं. मधलं बोट मिटलं की अडकायचं, सकाळी दुसऱ्या हाताने कट्‌कन सोडवावं लागायचं. ट्रिगर फिंगर. तिथे दोर ज्या नळीतून सरकतो ती अरुंद झालेली असते, इंजेक्शनने जागा मोकळी होते. एकातच काम झालं, दोन वर्षं होत आली.

हाडं ठिसूळ होण्याची भीती मुख्यतः महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्यांची. एखाद्या इंजेक्शनाने तसं होत नाही, पण एकाच सांध्यात वर्षाला तीन-चारच्या वर सहसा देत नाहीत. टाचेमागच्या दोरात तर नकोच, तो तुटू शकतो.

आणि शुगर असेल तर आधी सांगा. मला कुणी विचारलं नव्हतं, चार दिवस अडीचशेच्या वर होती. कोपरावर चार आण्याएवढा पांढरा डागही पडलाय, अजून आहे.