ग्रेट डेनसाठी पेट इन्शुरन्स: आधी कॅश, मग पॉलिसी

ताई, मेल वाचला. दोन वर्षांची ग्रेट डेन कुत्री राणी, वजन ५० किलो, ठाण्यात फ्लॅट, होम लोनचा हप्ता चालू, आणि एजंट म्हणतोय वर्षाला ७ हजार भरा, ५० हजारांचं कव्हर मिळेल. घेऊ का? माझं मत, आत्ता लगेच नको.

कसंय, या जातीत सगळ्यात मोठी भीती असते पोट फुगून पिळा पडण्याची, डॉक्टर त्याला ब्लोट म्हणतात. कुत्रं उलटी काढायला बघतं पण काही पडत नाही, पोट नगाऱ्यासारखं ताणतं, आणि काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर जीव जातो. हे रात्री दीडला झालं तर खासगी क्लिनिकवाले आधी डिपॉझिट मागणार, आणि आपल्याकडच्या पेट पॉलिसी बहुतेक रिइम्बर्समेंटच्याच, म्हणजे पैसे आधी तुमच्या खिशातले जाणार, मग बिलं न् केस पेपर जोडून क्लेमच्या मागे लागायचं. त्या रात्री पॉलिसीची पीडीएफ दाखवून काही होत नाही.

तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये वयाची अट बघितलीत का? सहाव्या वर्षी कव्हर बंद. ग्रेट डेन जगतेच ७ ते १० वर्षं, हार्टचे आणि सांध्यांचे खर्च वय वाढल्यावर जास्त, आणि नेमकं तेव्हाच हात वर! तोवर २८ हजार भरून झालेले असतील. लसी, नेहमीची तपासणी वगैरे सहसा यात येतच नाही, आणि इन्कम टॅक्समधल्या ८०डी च्या वजावटीत (आरोग्य विम्यावर मिळते ती) कुत्र्याचा प्रीमियम चालत नाही, एजंट काहीही म्हणू दे. गोचिडतापासारख्या साध्या आजारातही औषधाचा डोस वजनावर ठरतो, त्यामुळे बिल शेजारच्या पामेरियनच्या हिशोबाने धरू नका.

मग करायचं काय, तर ६० हजार बोनस आलाय म्हणताय, त्यातले ४० हजार वेगळ्या अकाउंटला टाका आणि दर महिन्याला ३ हजार घालत राहा, वीस महिन्यांत लाख होतात. गोवा ट्रिप उरलेल्या २० मध्ये बसवा, किंवा पावसाळ्यात जा, स्वस्त पडेल :) राणीची नसबंदी अजून व्हायचीय ना, तेव्हा पोट उघडतातच, त्याच वेळी जठर आतून पोटाच्या भिंतीला टाचून घेता येतं का ते डॉक्टरांना विचारा. गॅस तरीही होऊ शकतो, पण पिळा पडायचा धोका खूप कमी होतो. मला विचाराल तर पहिला खर्च हाच, प्रीमियमच्या आधी.

पॉलिसी घ्यायचीच असेल तर थर्ड पार्टी लायबिलिटी, म्हणजे कुत्र्याने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई, आहे का बघा. ५० किलोचं कुत्रं लिफ्टमध्ये लाडाने जरी कुणा आजोबांच्या अंगावर गेलं तरी खुब्याचं हाड मोडू शकतं, आणि ते बिल राणीच्या बिलापेक्षा मोठं येईल. एजंटकडून हे, ब्लोटचं ऑपरेशन कव्हर होतं का आणि वेटिंग पिरियड किती (पॉलिसी घेतल्यावर किती दिवस क्लेम चालत नाही), एवढं मेलवर लेखी मागवा, फोनवर नको. उत्तर आलं की मला फॉरवर्ड करा.